काचघरातल्या पाट्या

बायको मनकर्णा पडल्याचं कळलं तेव्हा देवमन राजापेठेत शिडीवर उभा होता. एका शिकवणी वर्गाच्या बोर्डावर ‘गणित’ हा शब्द अर्धा रंगवून झाला होता. फोन नागसेनचा होता, बागेच्या चौकीदाराचा. “दादा, लवकर या. वहिनी काचघरात बसल्या बसल्या पडल्या.” तो पोचला तोवर सगळं संपलं होतं. तिच्या मुठीत झारी तशीच होती आणि झारीतलं पाणी सांडलं नव्हतं.

त्याच सकाळी डबा भरताना ती म्हणाली होती, “अजी, एक पाटी लिहून द्या. पत्रा कापून ठेवला हाय.”

“नाव सांग, आणतो लिहून.”

“झाड पाहिल्याशिवाय नाव नाही सांगत मी. या तिकडंच.”

“शुक्रवारी येतो. आज लोकाच्या पोरायचं गणित पक्कं करू दे.”

“तुमचा शुक्रवार मले माईत हाय. दिवाळीले उगवते तो.”

एवढंच बोलणं झालं. ती गेली बुधवारी.

अमरावतीच्या त्या जुन्या बागेतलं काचघर इंग्रजांच्या काळातलं. लोखंडी कमानी आणि त्यांत बसवलेल्या काचा. काही काचांत अजून बुडबुडे दिसतात. बाहेर पंचेचाळीसचं ऊन असलं तरी आत ओल्या मातीचा वास आणि हिरवा गारवा. लोक म्हणायचे, इमारतच तशी बांधली आहे. देवमनला माहीत होतं की तो गारवा मनकर्णाचा होता. फाल्गुनात ती काचांवर चुन्याचं पाणी मारायची. वाटेवरच्या विटा दिवसातून चार वेळा भिजवायची. पाणी घालण्याआधी प्रत्येक कुंडीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायची. ठणठण वाजली तर कुंडी तहानलेली, बद्द वाजली तर पोट भरलेलं. कुंड्या सहाशे, आणि वर्षं एकतीस. चौथी शिकलेली बाई, पण कॉलेजातले सर पोरांना घेऊन यायचे आणि वही काढून तिच्यासमोर उभे राहायचे.

पाट्या मात्र देवमनच्या. बागेसमोर नत्थुजींचं कचोरीचं दुकान होतं. तिथून ती तेलाचे रिकामे डबे आणायची, पत्रा कापायची आणि कोणाच्या हाताला लागू नये म्हणून चारही कडा आत दुमडायची. देवमन आधी खाली झाड लावल्याचं साल टाकायचा, मग वर झाडाचं नाव. झाड मेलं की तिचा एक नेम होता. कुंडी धुऊन पालथी घालायची आणि पाटी बाकाखालच्या लाकडी पेटीत टाकायची. तो एकदा म्हणाला होता, “भंगारात दे, चहाचे तरी पैसे निघतीन.”

“राहू द्या,” ती म्हणाली. “हे झाड होतं, एवढं कुठंतरी लिहिलेलं असलं पाहिजे.”

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला. मुलगी संध्या अकोल्याला सासरी परत गेली. जाताना म्हणाली, “बाबा, चला माह्यासंग.” तो म्हणाला, “एक पाटी राहिली आहे तुह्या आईची. ते काम करून येतो.”

तो काचघरात गेला. कापून ठेवलेला पत्रा सापडला नाही. पाटी नसलेलं झाडही सापडलं नाही. शेवटच्या बाकावर एक पालथी कुंडी होती, बाकी सगळं जागच्या जागी. त्याने पेटी उघडली. पेटी काठोकाठ भरलेली होती. त्याने झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच येऊ लागला.

चैत्र लागला. यंदा काचांवर चुना मारायचा राहिला होता, तरी आत गारवा होता. विटा ओल्या असायच्या. हंसराजाची पानं एवढी टवटवीत की हात लावायला जीव धजत नसे. देवमनला नागसेनबद्दल आदर वाटू लागला. एक दिवस तो बोललाच, “नागसेन, चांगली राखली गा तू झाडं. तिच्यावाणीच.”

नागसेन बिडी विझवत हसला. “मस्करी करून राहिले काय दादा? मी फक्त कुलूप उघडतो. तुळस वहिनीले विचारून लावली तरी वाळली असती, असा माह्या हाताचा गुण. पाणी तर तुमीच घालून राहिले ना?”

“मी तर फक्त पाहत बसतो.”

“मंग माधवी मॅडमनं वरून कोणी पाठवला असन.”

माधवी मॅडम बागेच्या अधिकारी. दुपारी फेरीवर आल्या तेव्हा त्याच म्हणाल्या, “देवमनजी, नवा माळी येईपर्यंत तुम्ही सांभाळताय, फार उपकार झाले.”

देवमन आत वळला. त्याने एका कुंडीवर पेराने ठोकलं. बद्द वाजली. दुसरी, तिसरी, दहावी. सगळ्यांची पोटं भरलेली.

परतताना त्याची नजर एका पाटीवर गेली. ‘रास्ना’, आणि खाली १९९६. ‘स’ची वळणदार शेपूट त्याची स्वतःची, तरुणपणाची. शिडीवरून पडून मनगट मोडल्यावर तशी शेपूट त्याला कधी जमली नाही. रास्नेचं हे ऑर्किड, झाडाच्या खोडावर वाढणारं, मनकर्णाने चिखलदऱ्याहून आणलं होतं आणि दोन उन्हाळ्यांत ते मेलं होतं. त्या दिवशी मनकर्णा जेवली नव्हती. पाटी त्याच्या देखत पेटीत पडली होती.

आता पाटीमागे रास्ना होती, लाकडाला मुळं घट्ट धरून. तुरा फुललेला.

देवमन भ्याला नाही. फुलं फार सुंदर होती. तो बराच वेळ पाहत राहिला.

त्याने पेटी उघडली. ती अर्धी रिकामी होती.

त्यानंतर तो रोज आधी पेटी पाहायचा, मग बाकं. पेटीतून गेलेली पाटी कुठल्या तरी कुंडीत सापडायची आणि तिच्यामागे झाड असायचं. २००३ची सीतेची वेणी. अवघे चार महिने जगलेली घटपर्णी. कॉलेजातले सर आले, घटपर्णीसमोर वाकले आणि म्हणाले, “ही इथे जगूच शकत नाही.” मग हळूच म्हणाले, “बाईंचा हात.”

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी पेटी पूर्ण रिकामी झाली.

शेवटच्या बाकावरची पालथी कुंडी उलथून सरळ केलेली होती. तीत चाळलेली काळी माती होती. मातीत एक पाटी होती.

पाटी कोरी होती. चारही कडा आत दुमडलेल्या.

त्याने ती काढून उलटी केली. मागे तेलाच्या कंपनीचा छाप होता आणि डबा भरल्याची तारीख. यंदाच्या एप्रिलची.

मनकर्णा फेब्रुवारीत गेली होती.

तो रस्ता ओलांडून गेला. नत्थुजी कढईवरून मान वर न करता म्हणाले, “परवाच रिकामा झाला तो डबा. मागच्या दाराशी ठेवला. मले वाटलं, तुमीच नेला.”

देवमन परत आला. कुंडीवर दोनदा ठोकलं. बद्द.

मागच्या बाकाकडून कोणीतरी दोनदा ठोकलं.

त्याने वळून पाहिलं नाही. पिशवीतून रंगाची डबी काढली, पत्रा मांडीवर घेतला आणि सवयीप्रमाणे आधी खाली चालू साल लिहिलं. मग कुंडीकडे पाहिलं. मातीला मधोमध एक बारीक भेग पडली होती, उगवण्याआधी पडते तशी.

गेलेल्यांपैकी कोणाची पाटी अजून लिहिलेली नाही, ते त्याला तेव्हा कळलं.

संध्याचे अकोल्याहून फोन येतात. तो म्हणतो, येतो शुक्रवारी. रोज सकाळी तो तिथे जाऊन बसतो. भेग थोडी रुंद झाली आहे. साल टाकून झालं आहे. नाव टाकायचं राहिलं आहे.