हुबाऱ्याचा तुरा

फुललेल्या तुऱ्यासकट रानटी हुबारा पक्ष्याचा फोटो! एवढ्यासाठी परेशसाहेबांची गाडी अबुधाबीच्या पश्चिमेला वाळवंटात शिरली होती. मागे त्यांच्या फोटो क्लबातली लतिका, आणि पुढे माग काढायला मुसफ्फाच्या कारखान्यांतला वेल्डर किसन. किसनचं लहानपण सोलापूरकडच्या माळावर शेळ्या राखण्यात गेलेलं. लांब पायांचे माळपक्षी कुठे दडतात, हे त्याला पाठ होतं.

पण सकाळपासून त्याला नुसती शिसारी येत होती. साहेबांनी बिर्याणीचे डबे, चोखलेली हाडं, सगळं खिडकीतून भिरकावलं. वर म्हणाले, "अरे, डेझर्टच तर आहे!" मग किसन नको नको म्हणताना गाडी खारट दलदलीत घातली. चाकं रुतली. कुजकट वास सुटला. पाण्याच्या उरल्या दोन बाटल्या. त्यातल्या एकीने साहेबांनी हात धुतले!

"पहले बर्ड, मग गाडी. यल्ला, चला!"

कोरड्या वाळूवर किसनला तीन बोटांचे ठसे दिसले. तासभर तिघं त्या ठशांमागे चालले. एका झुडपाखाली वाळूच्याच रंगाची मादी बसली होती, मानेवर काळी रेघ, पोटाखाली अंडी.

"आमच्या माळढोकाची धाकटी बहीण," किसन पुटपुटला. त्याच्या गावात माळढोकाचं नाव आता हॉटेलच्या पाटीवर तेवढं उरलं होतं.

"बसलेली काय कामाची? क्रेस्ट पाहिजे!" साहेब टाळ्या पिटत पुढे धावले.

ती उठली. तुरा फुलला! पिसं पिंजारली! आणि चिकट विष्ठेची पिचकारी थेट साहेबांच्या शर्टावर! मग ती जरा लांब पळाली. ओकाऱ्या काढत साहेबांनी दगड उचलला.

ती घाण किसनला काहीच वाटली नाही. त्या हाताची मात्र किळस आली. तो आडवा उभा राहिला.

"दगड टाका, साहेब. ऊन चढलंय, ती परत बसली न्हाई तर अंडी शिजतील. टाकत नसाल तर गाडी तुमची तुम्ही काढा."

"तुझी ही हिंमत?"

"सर, गाडी फक्त किसनदादाच काढू शकतात," लतिकाने लेन्सवर झाकण लावलं. "आणि मी फोटो घेणार नाही. खलास."

दगड पडला. तिघं लांबच्या टेकाडामागे सरकले. किती तरी वेळ काहीच हललं नाही. मग ती दबकत, मान खाली घालून आली आणि अंड्यांवर बसली.

गाडीपाशी किसनने साहेबांच्या हाती फावडं दिलं. त्या वासाच्या शर्टातच साहेब मुकाट चिखल उपसू लागले.

"दादा, क्लबचे सगळे विचारतायत," लतिका मोबाइल बघत म्हणाली. "लोकेशन मागतायत. काय लिहू?"

किसनने चाकाखाली फळी सरकवली.

"लिहा, ताई. काहीच दिसलं न्हाई."