नव्वद की एकशे दहा?

सहा वर्षं अर्ज करत होते. सातव्या वर्षी सोडतीत माझं नाव निघालं! नर एल्कच्या, म्हणजे सांबराहून मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना, ठासणीच्या बंदुकीसाठी, सप्टेंबरचे नऊ दिवस. कोनेहोस नदीच्या वरच्या अंगाला, जिथे स्प्रूसच्या उंच झाडांची दाट जंगलं संपून उघडी कुरणं सुरू होतात, तिथे आम्ही तिघं निघालो होतो. मी डेल्फिना, गावातल्या वृद्धाश्रमात काम करणारी, वय एक्केचाळीस. माझे एलॉयमामा, सदुसष्ट वर्षांचे, त्यातली पन्नास या डोंगरात काढलेले. आणि त्यांचा मुलगा नेस्तोर, माझा मामेभाऊ, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवतो. सामानाला कनेला नावाचं मादी खेचर.

परवाना हातात आला आणि डोक्यात गोंधळ सुरू झाला. ठासणीच्या बंदुकीचं तसंच असतं. तयार काडतूस नाही. आधी नळीच्या तोंडातून ग्रेनच्या मापाने मोजून दारू ओतायची, मग शिशाची गोळी गजाने ठासायची, मागे ठिणगी पाडणारी इवली टोपी बसवायची. एकच बार! चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडच्या नियमांत दुर्बीणही बसत नाही. मग दारू किती आणि गोळी कोणती, यावरच सगळं.

ऑगस्टभर आम्ही मामांच्या शेतामागे नेमबाजी केली.

"नव्वद ग्रेन दारू आणि मधली गोळी," मामा म्हणाले. "हाताला धक्का बेताचा, नेम राहतो."

"बाबा, एल्क आहे तो, ससा नाही!" नेस्तोर उसळला. "साडेतीनशे किलोचं धूड! एकशे दहा ग्रेन आणि सगळ्यात जड गोळी. खांदा फोडून पार गेली पाहिजे."

"खांदा तिचाच फुटेल."

शेजारच्या एका म्हाताऱ्याने तिसराच सल्ला दिला: कापडात गुंडाळलेली गोल गोळी. मी तीही मारून पाहिली. सत्तर यार्डांवर तीन छिद्रं एका बशीत मावतील इतकी जवळ! पण मामांनी मान हलवली. "हरणाला ठीक. एल्कच्या बरगड्यांत ही अर्ध्यावर अडकेल. जनावर जखमी होऊन चार मैल जाईल आणि आपल्याला सापडणार नाही."

नव्वदची गोळी जरा खाली लागायची, पण दर वेळी त्याच जागी. एकशे दहाची कधी वर, कधी डावीकडे. आणि चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायचे. तरी नेस्तोर बोलला की त्याचं पटायचं, मामा बोलले की मामांचं. शेवटी मी दोन्ही गोळ्या बांधून घेतल्या. ठरवू वर गेल्यावर!

वर गेल्यावर ठरवायला कुणाला वेळ होता? पहिल्याच दिवशी ओढा ओलांडताना कनेला घसरली आणि अर्धं सामान पाण्यात गेलं. दारूच्या डब्या घट्ट होत्या म्हणून वाचल्या, तंबू मात्र ओलाचिंब. दुसऱ्या दिवशी गारा. अशा गारा, की झाडाखाली उभं राहूनही टोपीवर ताशा वाजत होता. एल्कची साद तर चहूकडून यायची. आधी खर्ज, मग चढत चढत शीळ, मग घशातली घरघर. उत्तरेला जावं तर दक्षिणेला ऐकू येई. एक आहे की तीन, तेही कळेना.

तिसऱ्या दिवशी पहाटे धुकं इतकं उतरलं, की कनेलाचे कान दिसत होते पण शेपूट नाही. मी टॉर्टियाच्या पोळीत गरम घेवडा भरत होते, नेस्तोर तंबूपाशी काहीतरी ओरडला, मी "हो हो" म्हटलं. मला वाटलं, खेचराला बांधलं म्हणतोय.

कड्यावर पोचलो आणि समोरच साद घुमली. अगदी जवळ! मी गुडघ्यावर बसले, घाईघाईने नव्वद ग्रेन ओतली, मधली गोळी ठासली, टोपी लावली. बोटं थंडीने लाकडासारखी झाली होती.

धुकं फाटलं. पन्नास यार्डांवर तो उभा होता. शिंगांना सहा सहा फाटे, मानेवर काळी आयाळ, तोंडातून वाफ. मी नेम धरला. श्वास सोडला. चाप ओढला.

टिक!

बस्स. धूर नाही, आवाज नाही. एल्कने मान वळवली आणि दोन उड्यांत दिसेनासा झाला.

"हलू नकोस!" मामा कुजबुजले. "नळी समोरच राहू दे. बार उशिरा उडू शकतो."

मी शंभर आकडे मोजले. काही नाही. मग फुसकी टोपी काढली.

"दमट झाली असेल," नेस्तोर म्हणाला. "दुसरी लाव की! तो फार लांब नाही गेला."

मी दुसरी टोपी खिशातून काढलीसुद्धा. पण मामांनी माझं मनगट धरलं. "आधी गज घाल."

गजावर मी दोन खुणा केल्या होत्या, एक नव्वदच्या भरण्याची, एक एकशे दहाची. गज आत गेला, थांबला, आणि दोन्ही खुणा नळीच्या तोंडाच्या चार बोटं वर राहिल्या. मी पुन्हा घातला. तेच. गोळी खाली बसली नाही का? की मी दारू जास्त ओतली? की खुणाच चुकल्या? मला काही सुधरेना.

"नळीचा मागचा पेच काढ," मामा म्हणाले.

पान्याने पेच फिरवला. मांडीवरच्या रुमालावर दारू सांडली. गज ढकलला, तर एक गोळी पडली. जड. नेस्तोरवाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. मी तर मधली घातली होती! आणखी ढकललं. पुन्हा दारू. आणि मग मधली गोळी.

एकात एक दोन बार! दोनशे ग्रेन दारू आणि दोन गोळ्या, माझ्या गालापासून वीतभर अंतरावर.

"मी सकाळी भरून ठेवली होती," नेस्तोरचा आवाज खाली गेला. "तुझे हात गारठले होते म्हणून. मी ओरडून सांगितलं की! तू हो म्हणालीस."

"मला वाटलं, तू कनेलाबद्दल..."

"आणि कुणाची गोळी भरलीस?" मामांनी विचारलं. "परवाना तिचा, बंदूक तिची, आणि भरलीस तुझ्या मनाची?"

चूक त्याची होती, पण भरण्याआधी गज घालून बघायचं मी विसरले होते. आणि सकाळपर्यंत काय भरायचं ते मी ठरवलंच नव्हतं. मग दुसऱ्याने ठरवलं!

तेवढ्यात खालच्या झाडीत फांदी मोडली. तोच नर! चाळीस यार्डांवरून तो शांतपणे आडवा गेला, आणि माझी बंदूक तुकड्यांत मांडीवर पडलेली. आम्ही तिघंही नुसते बघत राहिलो.

त्या दुपारी मी पेच पुसला, नळी कोरडी केली आणि जड गोळ्यांची पिशवी नेस्तोरच्या हातात दिली. "नव्वद. मधली गोळी. साठ यार्डांच्या पलीकडे मी चाप ओढणार नाही. आणि बंदुकीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

पाचव्या दिवशी पहाटे बर्फ भुरभुरत होतं. कुरणाच्या पल्याड एक नर दिसला. शंभर यार्ड, कदाचित जास्त.

"मार! आत्ता मार!" नेस्तोरला राहवेना.

"नाही."

"अगं, जाईल तो!"

"जाऊ दे."

मामांनी तोंडाला हात लावून मादीसारखा बारीक आवाज काढला. नर थबकला. पुन्हा काढला. तो वळला. नव्वद यार्ड. सत्तर. मध्येच थांबून त्याने वारा हुंगला. पन्नास! माझे डोळे उघडे होते. चाप ओढला.

धडाम!

पांढऱ्या धुराखेरीज काही दिसेना. लागली? चुकली? कोण कुठे पळालं?

"चुकली! वर पळाला!" नेस्तोर ओरडला.

"लागली," मामा म्हणाले. "मी गोळी अंगात बसल्याची थाप ऐकली. खाली गेला."

मला विचाराल तर मला काहीच ठाऊक नव्हतं. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर लांब पळतं, म्हणून अर्धा तास आम्ही तिथेच बसलो. तो अर्धा तास संपता संपेना. मग माग काढायला उतरलो. बर्फावर रक्त नाही. वीस पावलं, तीस पावलं, नुसते खुरांचे ठसे, त्यातही इतर एल्कचे मिसळलेले. मग नेस्तोर वाकला. गवताच्या एका पात्यावर लाल ठिपका होता. पुढे दुसरा. मग हातभर पट्टा.

आडव्या पडलेल्या झाडामागे तो निपचित होता. गोळी दोन्ही फुप्फुसांतून पार गेलेली.

मी गुडघ्यांवर बसले, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि रडायलाच लागले. आनंद होता, वाईटही वाटत होतं, की दोन दिवसांपूर्वीची भीती आता बाहेर पडत होती, कोण जाणे! मामांनी हॅट काढली. मग म्हणाले, "पोरी, अंग गरम आहे. कातडं लवकर उतरवलं नाही तर मांस नासेल. गाडीपर्यंत चार खेपा आहेत."

नेस्तोर सुरी घेऊन पुढे आला आणि अडखळला. "डेल्फी, त्या दिवशी जर बार उडाला असता..."

मी डोळे पुसले, त्याच्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली, एल्कचा मागचा जड पाय दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्याकडे केला.

"धर," मी म्हटलं. "घट्ट धर, मी कापते."