परातीतले फोन आणि टाळकरी झंकार

वीज फोनला शोधत येते की वायरीतून वाट काढते? कुंजलला हे कोडं पडलं ते भर कीर्तनात.

काजरेवाडीच्या देवळात तिचे आजोबा, दामोदरबुवा, कीर्तनाला उभे होते. मागे टाळ धरून झंकार. झंकार यंत्रमानव होता, पण त्याचा ठेका असा नेमका की बुवांनाही भरून येई. गावाची रीत अशी, की आल्याबरोबर फोन पितळी परातीत ठेवायचा आणि गुरवकाकांनी ते सगळे चार्जिंगला लावायचे. मन देवापाशी, फोन चार्जरपाशी!

पूर्वरंग, म्हणजे कीर्तनातलं निरूपण, संपत आला आणि दूरवर आभाळ गुरगुरलं. चालू फोन वीज ओढून घेतो, अशी सगळ्यांची समजूत. काकांनी लगबगीने एकेक फोन बंद केला, वायरी मात्र तशाच ठेवल्या. कुंजल चटकन उठली. आई सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळपठारावरून, येणार होती. तिला थांबवायला फोनच हवा. तिने परातीकडे हात नेला, तर काकांनी तो अडवला.

झंकारने टाळ खाली ठेवला. "काका, फोन विजेला बोलावत नाही. वायर तिला आत आणते."

"विजेवर चालणाऱ्याने मला वीज शिकवावी," काका पुटपुटले.

"आत्ता मी बॅटरीवर आहे. भिंतीला जोडलेला असतो, तर मीही घाबरलो असतो."

बुवांनी हसून त्याला पुढे बोलावलं. झंकारने सांगितलं ते असं. ढगात प्रभार (विजेचा साठा) वाढतो आणि वीज पडते. ती खांबावर किंवा जवळपास पडली, की तारांतून विद्युतलोंढा (अचानक उसळलेली जादा वीज) घरात घुसतो, जसं पाटाचं पाणी वाफ्यात. जोडलेला फोन बंद असला तरी त्या लोंढ्यातच असतो, आणि त्याला हात लावणाराही. सुटा फोन मात्र पक्क्या इमारतीत खुशाल वापरावा. वायरी काढायच्या त्या गडगडाटाआधी. आता माणसांनी दूर राहावं. झंकारचे हात विद्युतरोधक (वीज वाहू न देणारे) होते. त्याने चार्जर उपसले, कर्ण्याची वायरही काढली आणि कुंजलला तिचा फोन दिला.

तिने आईला फोन लावला. आई अजून सड्यावर चढली नव्हती. आंब्याखाली थांबते, म्हणाली.

"झाडाखाली नको," कुंजल म्हणाली. " मागे आरोग्यकेंद्र आहे, तिथे आत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास निघू नकोस."

"अगं, उत्तररंगातली गोष्ट चुकेल माझी."

बुवा फोनशी वाकले. "सूनबाई, उत्तररंग थांबेल. तू आत हो."

थोड्याच वेळात डोळे दिपले, देऊळ हादरलं आणि दिवे गेले. भिंतीवरचा रिकामा चार्जिंगचा बोर्ड काळा पडला. परातीतले फोन मात्र जसेच्या तसे. काकांनी बोर्डाकडे पाहिलं आणि झंकारला वाकून नमस्कार केला. बुवांनी समईच्या उजेडात नामाचा गजर धरला. झंकारचा टाळ एकदाही चुकला नाही.

आभाळ शांत होऊन बराच वेळ गेल्यावर आई ओलेत्या पदराने आत आली. कुंजल तिला बिलगली आणि कुजबुजली, की सड्यावर एक पक्का निवारा हवा, वर तडितरक्षक (वीज जमिनीत नेणारी सळई) असलेला. झंकार म्हणाला, उद्याच आराखडा काढू.

"काढा, पण आधी ऐका," आई म्हणाली. बुवांनी तिच्याकडे पाहिलं, चिपळ्या उचलल्या आणि उत्तररंगाला सुरुवात केली.