वाघनखीची दोरी

टेबलावर चौदा वस्तू होत्या. भिंतीवर चार तक्ते होते, आणि प्रत्येक तक्त्याच्या चारही कोपऱ्यांना एकेक, अशा एकूण सोळा टाचण्या होत्या. गायत्रीने काल संध्याकाळी वाचनालय बंद होण्याआधी हे सगळं दोनदा मोजलं होतं आणि वहीत लिहूनही ठेवलं होतं.

आज सकाळी वस्तू होत्या तेरा. टाचण्या होत्या नऊ. एक तक्ता तर एकाच टाचणीवर लोंबकळत होता.

"दोरी गेली!" अबुजर ओरडला. "दादाजींची दोरीच गेली!"

त्याची धाकटी बहीण आफरीन टेबलाखाली वाकली, कपाटामागे डोकावली आणि शेवटी स्वतःच्या दप्तरातही बघून आली.

"दप्तरात कशी असेल?" गायत्रीने विचारलं.

"सगळीकडे बघायचं म्हणजे सगळीकडे!" आफरीन म्हणाली.

अबुजरचे आजोबा नबीलालचाचा तरुणपणी नौदलात होते. त्यांच्या जहाजाचं नाव 'वाघनखी'. समुद्रात पेरलेले सुरुंग शोधून काढणं हे तिचं काम, म्हणून तिचं सगळं अंग लाकडी होतं. लोखंड जवळ आलं की सुरुंग फुटायचे! पुढे वाघनखी म्हातारी झाली. तेव्हा तिची तोफ उतरवली आणि त्या जागी उपकरणं पाण्यात सोडायच्या तारेचं भलंमोठं रीळ बसवलं. दारूगोळ्याच्या कोठीत समुद्राच्या तळाच्या चिखलाने भरलेल्या बरण्या ओळीने उभ्या राहिल्या. नाव बदलून 'शिंपली' ठेवलं आणि लढाऊ जहाज समुद्रसंशोधन करू लागलं. चाचांनी नौदल सोडलं, पण जहाज काही सोडलं नाही.

आता त्यांच्या लोहारा गावापासून समुद्र तीनशेहून जास्त किलोमीटर लांब. इथे ही गोष्ट कोणाला पटणार? वाचनालयाचे अध्यक्ष वीरप्पा तर पोट धरून हसायचे. "लढाईचं जहाज चिखल गोळा करतंय म्हणे! उद्या म्हणाल, रणगाड्यानं पेरणी केली!"

पण गेल्या महिन्यात पत्र आलं. शिवलीला मॅडम नावाच्या समुद्रसंशोधक या जहाजाचा इतिहास लिहीत होत्या. जहाज भंगारात गेलं होतं आणि बरीच कागदपत्रं गहाळ झाली होती. चाचांकडे खरोखरच जहाजावरची खोली मोजायची दोरी असेल, तर त्यांचं सगळं बोलणं त्या ध्वनिमुद्रित करून इतिहासात घेणार होत्या. त्या येणार होत्या आज दुपारी तीन वाजता. म्हणून तर दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी हे प्रदर्शन मांडलं होतं.

चाचा आले तेव्हा त्यांचा पांढरा सदरा कडक इस्त्रीचा होता. त्यांनी रिकामी जागा पाहिली आणि ते खुर्चीत बसले.

"दोरी न्हाय, तर म्या बी न्हाय," ते हळूच म्हणाले. "नुसत्या गप्पा कोण लिहून घेतंय?"

गायत्रीने वही उघडली.

"दार फोडलेलं नाही. किल्ली फक्त वाचनालयाच्या शिपायाकडे, बलभीमकाकांकडे असते," ती म्हणाली. "पण मला कोडं पडलंय ते टाचण्यांचं. दोरी चोरणाऱ्याला सात टाचण्या कशाला लागतील?"

"इथं कुंकू सांडलंय!" टेबलाखालून आफरीनचा आवाज आला. "आणि कापराचा वास येतोय!"

कुंकू, कापूर आणि टाचण्या म्हटल्यावर लिंबंही असणारच. तिघं धावत समोरच्या नागम्मा आजींच्या भाजीच्या पालाकडे गेली.

"आजी, काल संध्याकाळी कोणी लिंबं नेली?"

"बलभीमनं नेली की. सात," नागम्मा म्हणाल्या. "म्या म्हटलं, सरबत करतोस व्हय रे? तर घाम पुसत म्हणाला, 'न्हाय आक्का, लई मोठं काम हाय.' "

सात लिंबं आणि सात टाचण्या, म्हणजे टाचण्या टोचलेल्या लिंबांचा उतारा! गायत्रीच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"अबुजर, दोरी कशी दिसते ते सांग. आपण तिला पहिल्यांदाच बघतोय असं समज."

"काळी, डांबर लावलेली. मधे मधे खुणा. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीन वावांवर तीन. पाचावर पांढरी चिंधी, सातावर लाल. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या बोटांपासून त्या बोटांपर्यंत, सहा फूट. अंधारातसुद्धा हाताला खूण कळली पाहिजे म्हणून वेगवेगळं बांधलेलं. टोकाला मुसळासारखं शिशाचं वजन, त्याच्या बुडाला खळगा, आणि खळग्यात चरबी. तळाची माती चिकटून वर यावी म्हणून."

"काळी दोरी, चामडं, लाल चिंधी, चरबी," गायत्रीने बोटं मोजली. "आता बलभीमकाकांच्या डोळ्यांनी बघ!"

अबुजरने आ वासला. "करणी! त्यांना ती करणी वाटली!"

"पण ते कबूल करायचे नाहीत," आफरीन म्हणाली. "आणि ज्यांना विचारल्याशिवाय ते काहीच करत नाहीत, ते वीरप्पा अप्पा तर मुळीच नाही. त्यांनी शाळेत अंधश्रद्धेवर पाऊण तास भाषण केलंय. मी दोनदा झोपले होते."

"मग विचारायचंच नाही!" गायत्री म्हणाली.

अर्ध्या तासात काम झालं. कपडे वाळत घालायची दोरी काजळीत बुडवली. आफरीनने लाल रिबीन दिली, अबुजरने तुटक्या चपलेचा पट्टा. टोकाला पाटा-वरवंट्यातला वरवंटा! तो ऐवज व्हरांड्यातल्या अध्यक्षांच्या खुर्चीवर नीट वेटोळं करून ठेवला, असल्या वस्तू पाण्यात टाकून देतात म्हणून पाणीही शिंपडलं, आणि तिघं खांबामागे लपली.

वीरप्पा ऐटीत आले. मागून बलभीम चहाचा पेला घेऊन आला. वीरप्पा बसायला वाकले आणि स्प्रिंग लागल्यासारखे उडाले.

"अय्यो! बलभीम! ही परत आली रे!"

बलभीमच्या हातातला पेला निसटला. "ओली हाय अप्पा! बारवेतनं चालत आली! म्या म्हनलं हुतं, सात लिंबानं भागणार न्हाय, अकरा पायजेत!"

"माझ्यावर ढकलू नकोस! टाचण्या तूच कमी आणल्यास!"

"तुमीच म्हनलासा, तक्ते पडत्याल म्हणून!"

"कुठल्या बारवेतून, अप्पा?" खांबामागून गायत्रीने अगदी गोड आवाजात विचारलं.

वीरप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. लाल रिबिनीवर चकचकीत फुलपाखरू होतं. त्यांनी घसा खाकरला. "ते... आम्ही... एक प्रयोग करत होतो."

दीड वाजला होता. वाचनालयामागच्या बारवेकडे, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीकडे, चाचांसह सगळे निघाले. नागम्मा आजींनी घरून गळ आणला. पाण्यात पडलेल्या घागरी काढायचा तो आकड्यांचा घोस लोहाऱ्यात बहुधा त्यांच्याचकडे उरला होता.

"पोरांनो, तुमी वरच्याच पायरीवर ऱ्हावा. बलभीम, तू उतर."

"म्या?"

"टाकली कुनी?"

बलभीम गळ घेऊन उतरला. पहिल्या फेकीत गळाला प्लास्टिकची पिशवी लागली. दुसऱ्यात कळशीचा गळा.

"सात बाजांची सुंभाची दोरी जोडून सोडली तरी या बारवेला ठाव लागत न्हाय," बलभीम रडकुंडीला येऊन म्हणाला. "आजा सांगायचा."

तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फेकीत काहीच नाही. अबुजर श्वास रोखून बघत होता. सहाव्या वेळी गळ जड लागला. पाण्यातून लाल चिंधी वर आली, मग चामडं, मग शिशाचं वजन!

"आली!" अबुजर इतक्या जोरात ओरडला की बारवेतली कबुतरं भर्रकन उडाली.

तेवढ्यात वरून कोणीतरी विचारलं, "नबीलालचाचा इथेच भेटतील का?" शिवलीला मॅडम पाऊण तास आधीच पोचल्या होत्या! ओल्या दोरीकडे नजर जाताच त्या भराभर पायऱ्या उतरल्या. एकेक पट्टी, एकेक चिंधी त्यांनी बोटांनी चाचपली. वजनावर छिन्नीने कोरलेलं 'वाघनखी' वाचलं. त्याखाली, नंतर दुसऱ्या हाताने कोरलेलं, 'शिंपली'.

"चाचा, जहाजावर आवाज पाठवून खोली मोजायचं यंत्र होतं ना? मग ही दोरी कशाला?"

चाचा पहिल्यांदा हसले. "यंत्र सांगायचं, तळ किती खाली. तळाला काय हाय, ते चरबी सांगायची."

मॅडमनी ध्वनिमुद्रण सुरू केलं. मग त्या मुलांकडे वळल्या. "दोरी शोधली कोणी?" सगळी हकिकत ऐकून त्यांना हसू आवरेना. "पोरींनो, अबुजर, शाबास! आधी मोजून ठेवलं होतं म्हणूनच तर काय कमी झालं ते कळलं. जहाजावरही हेच करतात."

वीरप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. "नबीलाल, चुकलंच माझं. आता एवढं दाखवा. या बारवेला तळ हाय की न्हाय?"

चाचांनी खिशातली डबी काढली. वजनाचा खळगा पुसून त्यात नवी चरबी भरली. शेवटच्या पायरीवर पाय रोवून त्यांनी वजन झुलवलं आणि सोडलं. दोरी सरसर गेली आणि सैल पडली. त्यांनी ती ताठ केली, पाण्याच्या रेषेवर बोट ठेवलं आणि वजन वर घेतलं. मग ताठ उभं राहून जहाजावर देत तशी खणखणीत हाळी दिली. गायत्रीने ती शब्दशः वहीत उतरवली:

पाण्याची खोली तीन वाव, दोन फूट. तळाला काळी माती, शिंपल्याचा एक तुकडा आणि एक टाचणी.