अर्धी आंबील

"मेलेला माणूस परवा माझ्याकडे चालत आला," डॉक्टर चासकर म्हणाले. "येताना पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला."

भागू औटीला हसू फुटलं. पण शेजारी बसलेला रखमाजी हाडवळे हसला नाही, हे पाहून त्यानं ते गिळलं.

राजुरीचा रखमाजी विमा कंपन्यांसाठी दाव्यांची खातरजमा करायचा. जुन्नर-आंबेगावात खरोखर कोण मेलं आणि नुसतं कागदावर कोण, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणूनच डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं होतं. भागू त्याची राजदूत फटफटी चालवायचा आणि त्याच्यासोबत सगळं बघायचा. बघायचा म्हणजे डोळे उघडे ठेवायचा, त्यापुढचं काम त्यानं कधी अंगाला लावून घेतलं नाही.

डॉक्टर चासकर मूळचे इथलेच, महाळुंगे पडवळचे. पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात बावीस वर्षं ते रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करत होते आणि महिन्यातून एकदा गावी येऊन लोकांचं रक्त फुकट तपासत. १९९७ चा ऑक्टोबर चालू होता. खिडकीपाशी त्यांचा सूक्ष्मदर्शक मांडलेला होता. त्यांनी त्याच्याखाली एक काच सरकवली आणि भागूला बघायला सांगितलं.

भागूनं एक डोळा मिटला. जांभळ्या रंगाच्या मोठाल्या पेशी होत्या आणि त्यांच्या पोटात बारीक काड्या, लाकूडफाट्याची मोळी बांधावी तशा. माणसाच्या आत असलं काही भरलेलं असतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"हे निरगुडसरच्या बिरदेवचं रक्त, फेब्रुवारीतलं," डॉक्टर म्हणाले. "वय तीस. या मोळ्या एकाच जातीच्या कर्करोगात दिसतात. नाका-हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. औषध परदेशातून यायचं होतं आणि तेवढा वेळ त्याच्यापाशी नव्हता. घरी न्या, असं मीच सांगितलं. फार तर महिना काढेल, असं वाटलं होतं. आता ही दुसरी काच बघा, परवाची."

दुसऱ्या काचेवर लाल गोल चकत्याच चकत्या होत्या. काडी औषधालाही नव्हती.

डॉक्टरांच्या मते दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर आलेला माणूस बिरदेव नव्हताच, कारण धाकटा भाऊ पप्पू हुबेहूब त्याच्यासारखा होता. नाहीतर बिरदेवला काहीतरी मिळालं होतं आणि घरचे ते लपवत होते.

"तो बिरदेवच असेल, तर त्याला काय मिळालं ते मला कळलंच पाहिजे," ते म्हणाले. "उद्या ते थांबलं आणि मोळ्या परत आल्या, तर मी पुन्हा हात चोळत बसेन. एकदा बसलो, तेवढं पुरे झालं."

निरगुडसरला बिरदेव अंगणात बाजेवर बसून तळपाय चोळत होता. पायाला सारख्या मुंग्या येतात, एवढीच त्याची तक्रार. रखमाजीनं आधी दोघा भावांची कंबर पाहिली. डॉक्टरांनी फेब्रुवारीत कमरेच्या हाडातून तपासणीसाठी मगज काढला होता आणि त्या जाड सुईचा वण बिरदेवच्या कमरेवर मागच्या बाजूला होता. पप्पूची कंबर कोरी होती. म्हणजे माणूस तोच. पहिली शंका तिथंच मिटली.

मग रखमाजीनं बिरदेवचे हात हातात घेतले. प्रत्येक नखावर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. चुना लागला असेल, असं भागूला वाटलं. तंबाखू खाणाऱ्याला दुसरं काय सुचणार?

तेवढ्यात बिरदेवची आई, तानूबाई, चहा घेऊन आली. उंबऱ्यापाशी तिच्या पायातली एक वहाण सुटली. म्हातारी तशीच चार पावलं चालत आली आणि रखमाजीनं दाखवल्यावर मागं वळली. कप पुढं करताना तिचीही नखं दिसली. तिच्याही नखांवर तशाच रेघा होत्या. मायलेक दोघंही तंबाखूचे दिसतात, अशी भागूनं खूणगाठ बांधली.

लेकाला काय दिलं, असं रखमाजीनं तानूबाईला विचारलं.

"म्या काय देनार? देवाचा भंडारा लावला कपाळाला. भायेरचं औषिद नगं, आसं डाक्टरच म्हनलं व्हतं."

बिरदेवची बायको पुष्पा परसात भांडी घासत होती. सगळा स्वयंपाक तीच करायची. फक्त संध्याकाळची आंबील सासू स्वतः करायची, बिरदेवला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

"मला हात लावू देत न्हाईत," ती म्हणाली. "हेंना अर्धीच जाती. हेंनी ऱ्हायलेली ठिवली की वाडगं आत नेत्यात आन चुलीपाशी बसून ऱ्हायलेली सोता संपवत्यात. धुवून पानी बी कुंपनापल्याड खड्ड्यात वतत्यात आन वर माती वढत्यात. कोंबड्यांनी तोंड लावू नये म्हनं. नवसाचं आसंल म्हनून म्या न्हाई इचारलं."

पप्पू वाड्यात मेंढरांपाशी होता. बापाच्या काळात दोनशे होती, आता बाराच उरली होती. मेंढरांना खरूज झाली तर काय लावता, असं रखमाजीनं सहज विचारावं तसं विचारलं.

"आता दवाखान्यातलं इंजेक्शन असतंय, पावनं. बाप सोमल लावायचा. त्येची पेटी हाय आजून आत, पन चावी आईपाशी असती."

आईची तब्येत कशी असते, यावर तो जरा घुटमळला. माघात, दादाला घरी आणलं त्याच आठवड्यात, आईनं दोन्ही बहिणींना बोलावून घेतलं होतं. एकीला हातातले चांदीचे गोठ दिले, दुसरीला गळ्यातली सरी. पप्पूला कोणती मेंढी कधी विणार हे एकेक करून सांगितलं. लेकाच्या दुखण्यानं बाईचं डोकं फिरलं असणार, असं भागू म्हणाला. रखमाजीनं त्याला कोपऱ्यावरच्या फोन बूथवर पिटाळलं, डॉक्टरांना बोलावून घ्यायला.

दुपारी डॉक्टर आले. सगळे अंगणात बसल्यावर रखमाजी सावकाश बोलू लागला.

"नखांवर आडव्या रेघा आणि पायांना मुंग्या. असे दोन दावे मी तपासलेत. दोन्ही माणसं विषानं गेली होती, आणि विष एकच होतं. सोमल. तो या घरात आहे, पप्पूच्या बापाच्या पेटीत. चावी आईकडे आणि आंबीलही आईच्या हातची."

 डॉक्टर ताडकन उठले.

"सोमल! म्हणजे आर्सेनिक!" ते म्हणाले. "चीनमधले डॉक्टर याच कर्करोगाला सोमल देताहेत. तोलून-मापून, शिरेतून. मोळ्यांनी भरलेल्या पेशी नाहीशा होतात. यंदाच छापून आलं. मी ते दोनदा वाचलं आणि या घराशी जोडलं नाही."

बोलता बोलता ते पुन्हा खाली बसले, आणि बसले ते थेट जमिनीवरच.

भागूच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला. "म्हंजी आजीनं मेंढराचं औषिद लेकराला दिलं, आन त्ये लागू पडलं." रखमाजीच्या आधी आपण पोचलो, याचा त्याला मनातून आनंद झाला.

"औषध आजाऱ्याला देतात, भागू," रखमाजी म्हणाला. "देणारा खात नाही. मघाशी या माउलीची वहाण पायातून सुटली ती तिला कळली नाही, कारण तिचाही पाय बधिर आहे. तिच्या नखांवरही त्याच रेघा आहेत. उरलेली आंबील चुकून खाल्ली म्हणावं, तर तसंही नाही. वाडग्याचं धुवण कोंबडीनं प्यालं तर मरेल, हे तिला ठाऊक होतं. ते ती खड्ड्यात पुरत होती. कोंबडीला वाचवत होती आणि स्वतः खात होती. त्याच आठवड्यात तिनं अंगावरची चांदी लेकींना वाटली, मेंढरं धाकट्याच्या हवाली केली. असं माणूस कधी करतं?"

 

तानूबाईनं पदर सारखा केला.

"रातंदिस रगत थुकायचा वो," ती म्हणाली. "आई, मला सोडव म्हनायचा. येकदम द्यायाला हात धजंना, म्हनून रोज जरा जरा घातलं. आन त्यो जानार तर म्या कशापायी मागं ऱ्हाऊ? पन दिस गेलं तसं रगत थांबलं. मग येक दिस उठून बसला आन भाकर मागितली. ज्यानं मरायचं त्यानंच त्यो उठला, मला काय बी उमजंना. बंद करायाचं भ्या वाटलं. दोघांनी मिळून खाल्लं म्हनून लागू पडलं आसंल, मंग म्या येकटीनं तरी कसं सोडायचं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं ते एखाद्या देवळात शिरल्यासारखं.

"मावशी, खरं तेच बोललात," ते म्हणाले. "तुम्ही मरण एकापुरतं कालवत होता आणि ते दोघांनी वाटून खाल्लं. सगळं त्याच्या पोटात गेलं असतं, तर तो आठ दिवसांत गेला असता. अर्धं तुम्ही खाल्लंत, म्हणून त्याच्या वाट्याला आलं ते औषधाएवढं उरलं. बावीस वर्षं मी रक्त बघतोय, लोक मला जाणकार म्हणतात. हे गणित मला मांडता आलं नसतं."

मग त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला. पेटीतली पुडी त्यांनी मागून घेतली. हे लाखात एखाद्याला साधतं, पुन्हा कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. मायलेकांनी उद्याच पुण्याला यायचं, दोघांच्याही अंगातलं विष तपासायचं आणि बिरदेवचं पुढचं औषध ते स्वतः मोजून देणार होते.

 आता बिरदेव बाजेवरून उठला आणि आईपुढं येऊन बसला.

"आई, तू पेटी उघडलीस त्ये म्या पयल्याच दिशी बघितलं व्हतं," तो म्हणाला. "सोमल मला वळखू येत न्हाई व्हय? म्या मुकाट खाल्लं. बरं वाटलं, सुटलो म्हनून. ऱ्हायलेलं तू फेकून देतीस, आसं वाटायचं मला. तू बी खातीस ह्ये कळलं आसतं, तर म्या पयल्याच दिशी वाडगं लवंडलं आसतं."

तानूबाईनं त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"म्हनून तर आत बसून खायाची, बाळा," ती म्हणाली.