कड्याखालचा बुरूज

सौदीतल्या असीरच्या कड्यावरून खाली दिसणारा तो दगडी बुरूज एकदा हाताने शिवायचा, एवढ्याचसाठी मोहियुद्दीन आज बायको-मुलीला घेऊन डोंगर उतरत होता. खमीस मुशैतचं दुकान त्याने कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर परवाना होता त्या अरबाच्या, हवाली केलं होतं; पुढच्या आठवड्यात कायमचं दापोलीला. इतकी वर्षं सुट्टीच्या दिवशी नॅशनल पार्कच्या कठड्याला टेकून तो बुरूज नुसता पाहत आला होता.

वर केबलकार बंद होती आणि झिपलाईनपाशी किंचाळ्यांची रांग लागलेली. सुहाना हळहळली, "अम्मी, वो करते ना! गुडघे तरी वाचतील."

"तुझ्या अब्बांचा जीव खाली अडकलाय," रुकय्या म्हणाली.

तिचा गुरुवारचा रोजा होता. ओढणीच्या टोकाला मदिनेचा एक मोठा खजूर गाठीत बांधलेला. रोजाच्या दिवशी इफ्तारचा खजूर पहाटेच बांधून ठेवायचा, ही तिच्या आईची रीत.

अरअरच्या झाडांमधून वाट खाली खाली जात होती. पायाखालची खडी सरकत होती, आणि खालच्या तिहामाच्या सखल मैदानातून धुकं हळूहळू वर चढत होतं. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या वेळेला एक सपाट खडक सापडला. मोहियुद्दीन पुढे उभा राहिला, मायलेकी मागे. आणि बॅग त्यांच्याही मागे, दगडावर.

सजद्यात कपाळ टेकलेलं असतानाच रुकय्याने बॅगेची चेन ओढल्याचा आवाज ऐकला. मग खसखस. मग बाटली गडगडली. नमाज मोडायची मुभा होती, तिला ठाऊक होतं. पण पाणी आणि बिस्किटंच तर जातायत, असं तिला वाटलं. तिने मान वळवली नाही.

सलाम फिरवून नमाज संपवली आणि बघते तर काय, बबून माकडांची टोळी बॅग ओढत कड्यावरून पसार!

"जाऊ दे गो," मोहियुद्दीन हसला. "आपल्या केळीवरच्या माकडांचेच भाईबंद."

थोडं उतरल्यावर त्याचं हसू थांबलं. हात कापू लागले. कपाळावर घाम, ओठ पांढरे. तो मटकन खाली बसला!

"अब्बांची शुगर उतरली!" सुहाना ओरडली. "अम्मी, ग्लुकोज?"

ग्लुकोजची पुडी बॅगेत होती. रुकय्याला आत्ता आठवलं! मोबाइलला रेंज नव्हती. धुकं दाटलं होतं. तिने गाठ सोडली.

"तुझा इफ्तार..." तो पुटपुटला.

"तोंड उघडा!"

त्याने खजूर चघळला. दोघी त्याचे हात चोळत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याची नजर स्थिर झाली. तेवढ्यात धुकं फाटलं, आणि बुरूज दिसला! पांढऱ्या दगडांच्या ओळी, काळी खिडकी. जणू हाक मारली तर ऐकू जाईल.

मोहियुद्दीन उठला. "बघ, इथेच तर आहे. यल्ला, चला!"

"नाही."

"अगो, पुन्हा येणं नाही होणार."

"खाली जाल. वर कोण आणील तुम्हाला? हा एवढासा गोडवा किती पुरणार?" तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "बॅग गेली तेव्हा मी गप्प राहिले. आता नाही राहणार. खलास."

तो बुरुजाकडे बघत राहिला. धुकं पुन्हा मिटलं. मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चढाकडे वळला.

चढ संपता संपेना. सुहाना पुढे वाट चाचपत होती. रुकय्याची जीभ टाळूला चिकटली होती. मोहियुद्दीन दर वळणावर बसायचा; ती त्याला उठवायची, आणि मग तिलाच उठवावं लागायचं. खडी घसरली! सुहानाने बापाची बाही धरली. निभावलं.

धुक्यात सूर्यास्ताची, मगरिबची अजान ऐकू आली. डावीकडून! त्या आवाजाच्या रोखाने ते कठड्याशी पोचले. रुकय्याचा हात सवयीने ओढणीच्या टोकाकडे गेला. टोक मोकळं होतं.

गवतावर सतरंजी टाकून बसलेल्या एका असीरी बाईने त्यांची दशा पाहिली आणि विचारपूस न करताच खजुराची वाटी आणि पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या. रुकय्याने पहिला खजूर मोहियुद्दीनच्या हातावर ठेवला, मग स्वतः बिस्मिल्ला म्हणून रोजा सोडला.

नमाजसाठी तिघं उभी राहिली. मोहियुद्दीनने दबक्या आवाजात विचारलं, "पाणी कुठे ठेवलंस?"

रुकय्याने बोट दाखवलं. बाटली आणि उरलेले खजूर तिने स्वतःच्या पुढ्यात ठेवले होते, सजद्यात कपाळ टेकेल त्याच्या अगदी जवळ.