गटारीचा डबा

दिवा बंदच राहू दे, वल्लरी. हवं तर राघवच्या शेजारी सरकून बस, पण मधे उठायचं नाही. आणि राघव, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. ही गोष्ट गुरुनाथची. परदेशात, आइंडहोवनच्या ऑफिसात आम्ही दोघांनी अकरा वर्षं एका टेबलावर डबा खाल्लाय. त्याला खोटं बोलता येत नाही, बोलला तरी लगेच पकडला जातो.

सन दोन हजार वीस. एकोणीस जुलै, रविवार. दुसऱ्या दिवशी अमावस्या, मग श्रावण. म्हणजे गटारी. कोरोनानं चार महिने सगळे घरात कोंडलेले. कँपिंगच्या जागा नुकत्याच उघडल्या होत्या. गुरुनाथ, त्याची बायको सुनेत्रा आणि आठ वर्षांची अवनी तंबू घेऊन ड्रेन्थला निघाले. तिकडे दलदलीचा मुलूख. गाडी चालवत राहा, घर म्हणून दिसत नाही.

सुनेत्राची आई जूनमध्ये इचलकरंजीत गेली. कोरोनानंच. विमानं बंद. लेकीनं मोबाइलवर चिता पाहिली, तीही अडकत अडकत. आईनं पाठवलेलं कांदा-लसूण तिखट बरणीच्या तळाला दोन चमचे उरलं होतं. ते सगळं घालून सुनेत्रानं सुकं मटण केलं. हा डबा संपला की आईच्या हातची चव संपली. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं.

आता, रात्री मटण न्यायचं तर भूत मागे लागू नये म्हणून डब्यात कोळसा ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. सुनेत्राची आई लेकीला एसटीत बसवताना चुलीतला कोळसा न चुकता ठेवायची. इथे चूल कुठली? सुनेत्रानं बार्बेक्यूच्या पिशवीतला एक तुकडा कागदात गुंडाळून डब्यात ठेवला. गुरुनाथनं तो काढून टाकला.

"केमिकल असतं त्यात. आणि इथली भुतं बटाटे खातात गं!"

स्वतःच्याच विनोदावर हसला. असली माणसं मला अजिबात आवडत नाहीत, पण मित्र पडला.

रविवार असूनही त्याचं ऑफिसचं काम लांबलं, निघायला आठ वाजले. वाटेत पाऊस लागला. अवनी मागे झोपली. डबा सुनेत्राच्या मांडीवर, चारही कड्या लावलेला.

अकरा वाजून वीस मिनिटं. डावीकडे कालवा, उजवीकडे दलदल, मधे सरळ रस्ता. जीपीएस म्हणालं, दोन किलोमीटर. एक उचलता पूल लागला, त्यावर पिवळी पाटी. पाच मिनिटांनी पुन्हा पूल. तीच पाटी. जीपीएस म्हणालं, दोन किलोमीटर.

वळण कुठेच घेतलं नव्हतं.

तिसऱ्यांदा पूल आला.

"चकवा लागलाय," सुनेत्रा म्हणाली. "गाडी थांबव. उजाडेपर्यंत हलायचं नाही."

गुरुनाथनं इंजिन बंद केलं. टपावर पाऊस. बाकी काही नाही.

मग सुनेत्राच्या बाजूची काच वाजली. एकदाच.

मागून अवनीचा आवाज आला. झोपेतला नव्हता. "आई... आजी इज आउटसाइड. शी इज ऑल वेट."



"सुनी..." काचेबाहेरून. आईचाच आवाज. तोच हेल. "भूक लागलीय गं. एवढा डबा दे."

गुरुनाथनं तिचा दंड धरला. "दे... फेकून दे तो. मागे बघू नकोस. पाया पडतो तुझ्या..."

"नाही."

"सुनेत्रा, अवनी आहे गाडीत!"

"म्हणूनच नाही."

आणि तिनं काच खाली केली. दोन बोटं. पाऊस आत आला. बाहेर काळोख. तिनं त्या काळोखाकडे बघून सांगितलं,

"माझ्या आईनं आयुष्यात कधी मागून खाल्लं नाही. सगळ्यांचं जेवून झालं की ती बसायची. तू ती नाहीस. तिला शेवटचं पाणी पाजायला मला मिळालं नाही, तोंड बघायला मिळालं नाही. एवढं राहिलंय माझ्याकडे. तेही तुला देऊ? काय करायचं ते कर. मी इथेच बसलेय. चल, नीघ!"

काच वर केली.

काहीच झालं नाही.

मग गाडीभोवती पावलं. ओली... एक फेरी... दुसरी...

सुनेत्रा डब्यावर दोन्ही हात ठेवून बसली. डोळे उघडे. एकदाही कडी काढली नाही. गुरुनाथ तिच्याकडेच बघत होता. दुसरीकडे कुठे बघायची त्याची हिंमत नव्हती.

तिसरी फेरी अर्धवट थांबली...

साडेचारला फटफटलं. पाऊस गेला होता. समोर दोनशे पावलांवर कँपिंगचं फाटक होतं.

तंबू लावायच्या आधीच सुनेत्रानं डबा उघडला. "आज गटारी संपायच्या आत तिघं मिळून खायचं," म्हणाली. मटणाची एक फोड कमी नव्हती. पण वर, मधोमध, एक कोळसा होता. पिशवीतला नव्हे. चुलीतला, बाभळीचा, एका कडेला राख धरलेला.

गुरुनाथनं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

गरम होता.